सावध राहण्याची जबाबदारी कोणाची?

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान यवतमाळला आले आणि प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा सोळावा हप्ता त्यांनी येथून देशभरच्या नऊ कोटींहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यांत वळता केला. एकवीस हजार कोटींहून अधिक रुपये एका कळीसरशी खेड्यापाड्यांत पोचले, याचे त्या दिवशी पुष्कळ कौतुक झाले. आणि मधल्या दलालाचा हात टळला एवढ्यापुरते ते रास्तही होते. पण ज्या वाटेने हप्ता येतो त्याच वाटेने चोरही येतो. ‘पीएम किसान’ या नावाची खोटी फाइल व्हॉट्सॲपवरून धाडायची, ती उघडली गेली की फोनमध्ये येणारे बँकेचे संदेश आपल्याकडे वळवून घ्यायचे, ओटीपी वाचायचा आणि खाते धुऊन न्यायचे, हा धंदा त्यानंतर महाराष्ट्राच्या खेड्यांत शिरला. तलाठी कार्यालय असो, बँकेची शाखा असो की पोलीस ठाणे, सर्वत्र त्यावर एकच उपदेश ऐकायला मिळतो: ‘नागरिकांनी सावध राहावे.’

हा उपदेश खोटा नाही. तो अपुरा आहे. आणि जनरेटिव्ह एआय, म्हणजे नवा मजकूर, नवा आवाज आणि नवे चित्र घडवणारी कृत्रिम बुद्धी, सर्वांच्या हाती आल्यापासून तो दिवसेंदिवस अधिकच अपुरा होत चालला आहे. महागावसारख्या तालुक्याच्या दृष्टीने सायबर सुरक्षेचा खरा प्रश्न यंत्र किती हुशार झाले हा नाही. या हुशारीमुळे वाढलेली जोखीम कोणाच्या डोक्यावर टाकली जात आहे, हा तो प्रश्न आहे.

भाषेची भिंत पडली

काही वर्षांपूर्वीपर्यंत फसवणुकीचा फोन ओळखण्याची एक सोपी खूण होती. बोलणारा परप्रांतीय हिंदीत बोले. मराठी आलीच तर मोडकीतोडकी. संदेशात ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ, शासकीय शब्दांची खिचडी. झारखंडातल्या जामताऱ्यात बसलेल्या भामट्याला महागावच्या शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलता येत नव्हते. मराठी ही आपली अभिमानाची गोष्ट आहे हे आपण नेहमी म्हणतो. ती आपली तटबंदीही होती, हे मात्र आपल्या ध्यानात आले नव्हते.

ती तटबंदी आता राहिलेली नाही. या यंत्रणा अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो हे शिकतात आणि त्या जोरावर नवा मजकूर रचतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले तेव्हा त्यांचे मराठी अडखळत होते. आज त्यांच्याकडून तहसील कार्यालयाच्या धाटणीचे निर्दोष पत्र मागावे आणि क्षणात मिळावे, अशी स्थिती आहे. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात करायला आता कारकून लागत नाही. थोडा वेळ ध्वनिमुद्रित केलेल्या बोलण्यावरून त्या माणसाच्या आवाजाची नक्कलही बनवता येते. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाच्या आवाजात ‘बाबा, अपघात झाला, या नंबरवर पैसे टाका’ असे वाक्य ऐकू आले, तर बाप व्याकरण तपासत बसेल काय?

तांड्यांवरची गोष्ट आणखी कठीण आहे. महागाव-पुसद भागातल्या बंजारा तांड्यांवर घरात गोरमाटी बोलली जाते. तेथील म्हाताऱ्या माणसाला सरकारी मराठी ही मुळातच दुसऱ्याने वाचून दाखवायची भाषा आहे. खरे पत्र आणि खोटे पत्र यांतला फरक त्याने भाषेवरून ओळखावा, ही अपेक्षा आधीही अन्यायाची होती; आता ती थट्टा झाली आहे.

दुसरा बदल खर्चाचा आहे. पूर्वी एका भामट्याला एका वेळी एकाच माणसाला बोलण्यात गुंतवता येई. त्यामुळे मोठी रक्कम असलेला माणूस शोधणे त्याला भाग पडे. आता संदेश लिहिणे, उत्तर देणे, विश्वास संपादन करणे ही मेहनतीची कामे यंत्राकडे सोपवता येतात. दहा-बारा हजार रुपये शिल्लक असलेले खाते लुटणेही परवडू लागते. गरिबाकडे चोरण्यासारखे काही नाही हे त्याचे जुने संरक्षण होते. तेही गेले.

भोळेपणाचा आरोप

फसलेल्या माणसाला आपल्याकडे आधी शहाणपण शिकवले जाते. ‘लोभ केला म्हणून गेले’, ‘शिकलेला असता तर फसला नसता’, असे शेजारीपाजारी म्हणतात. बँकही जरा सभ्य भाषेत तेच म्हणते. हा आरोप वस्तुस्थितीला धरून आहे का, ते पाहू.

२०२४ साली अरुप या बहुराष्ट्रीय अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग येथील कर्मचाऱ्याला एका व्हिडिओ बैठकीत बोलावण्यात आले. पडद्यावर कंपनीचे वित्तप्रमुख होते, ओळखीचे सहकारी होते. सगळे चेहरे आणि आवाज यंत्राने बनवलेले निघाले. तोवर सुमारे वीस कोटी हाँगकाँग डॉलर, म्हणजे अमेरिकी चलनात अडीच कोटी डॉलर, निघून गेले होते. त्याच वर्षी लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष, पद्मभूषण एस. पी. ओसवाल यांना सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून सात कोटींना लुटण्यात आले. मुंबईत जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या, एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराच्या प्रमुखांच्या आणि नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या खोट्या चित्रफिती फिरू लागल्या. शेअर बाजाराला आणि रिझर्व्ह बँकेला लोकांसाठी इशारे काढावे लागले. वित्त विभागातला प्रशिक्षित कर्मचारी आणि देशातला मोठा उद्योगपती जेथे फसतो, तेथे कापूस वेचून आलेल्या माणसाच्या शिक्षणाचा मुद्दा काढणे हा निव्वळ उद्धटपणा आहे.

सरकारने जुलै २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार देशातील सायबर फसवणुकीत लोकांचे २०२३ साली ७,४६५ कोटी रुपये गेले होते; २०२४ साली हा आकडा २२,८४५ कोटींवर पोचला. एका वर्षात तिप्पट. या वाढीचे सगळे श्रेय कृत्रिम बुद्धीला देता येणार नाही. भाड्याने घेतलेली बँकखाती, खोट्या नावांची सिमकार्डे आणि कंबोडिया-म्यानमारमध्ये डांबून ठेवलेल्या तरुणांकडून चालवले जाणारे अड्डे यांचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु एका वर्षात देशाचा भोळेपणा तिप्पट झाला, असे तर कोणी म्हणणार नाही? वाढली ती हल्ल्याची ताकद. बचावाची व्यवस्था तेथेच राहिली.

महागाव तालुक्याला या आरोपाची चव नवी नाही. याच तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व मुलांसह जीवन संपवले. शेतकरी आत्महत्येची महाराष्ट्रातली ही पहिली जाहीर नोंद मानली जाते आणि दरवर्षी त्या दिवशी अनेक जण अन्नत्याग करतात. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत शेतकऱ्याच्या कर्जाची कारणे त्याच्या लग्नखर्चात, व्यसनात आणि हिशेबाच्या अज्ञानात शोधणारे विद्वान आपण पुष्कळ पाहिले. भाव, पाणी, वीज आणि पतपुरवठा यांची चर्चा त्यांना गैरसोयीची होती. रचनेचा दोष व्यक्तीच्या स्वभावावर ढकलण्याची ही जुनी खोड आता सायबर सुरक्षेच्या नावाने पुन्हा डोके वर काढत आहे. ज्या घरात हंगामाच्या तोंडावर वीस हजार रुपये जाणे म्हणजे बियाणे आणि खत जाणे, त्या घराला ही खोड जीवघेणी ठरते.

ओटीपी सांगायला शिकवले कोणी?

‘ओटीपी कोणाला सांगू नका’ असे शासन म्हणते. मग शेतकऱ्याचा प्रत्यक्ष अनुभव काय आहे?

पीएम किसानची ई-केवायसी, ई-पीक पाहणी, कापूस हमीभावाने विकायचा तर २०२५ पासून ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक. लाडक्या बहिणीला सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा ई-केवायसी. यांतले प्रत्येक काम आपल्या फोनवर स्वतः करणारी माणसे गावात किती? बाकीचे सगळे सेवा केंद्रात रांग लावतात. तेथला मुलगा आधार क्रमांक मागतो, मशीनवर अंगठा ठेवायला सांगतो आणि म्हणतो, ‘काकू, आता फोनवर आलेला नंबर सांगा.’ काकू सांगते, कारण न सांगितल्यास हप्ता बंद होतो. मुलगा प्रामाणिक असतो, प्रश्न त्याचा नाही. शासनाने लाखो लोकांना अनोळखी माणसापुढे ओटीपी वाचून दाखवण्याची सवय स्वतः लावली आहे. आणि दुसऱ्या दिवशी अनोळखी माणसाने फोनवर तोच क्रमांक मागितला, तर सांगणाऱ्याला बेसावध ठरवले आहे. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी मुदत जाहीर होताच खोटी संकेतस्थळे उभी राहिली, यात नवल काय? ‘मुदत संपत आली, नाहीतर पैसे थांबतील’ ही भीती शासनाने आधीच पेरलेली होती. चोराने फक्त पीक कापले.

शेंदुरसनीचा धडा

सामान्य माणसाने कितीही सावधगिरी बाळगली तरी ती कोठे निरुपयोगी ठरते, हे आपल्याच जिल्ह्यात नुकतेच दिसले. महागावहून यवतमाळकडे जाताना लागणाऱ्या आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाची ग्रामपंचायत आहे. लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. डिसेंबर २०२५ मध्ये उघडकीस आले की, जन्म-मृत्यू नोंदणीच्या केंद्रीय प्रणालीत या ग्रामपंचायतीच्या नावावर सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मांची नोंद झाली आहे. राज्य शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले.

या प्रकरणाचा राजकीय आणि जातीय वापर करण्याची घाई अनेकांना झाली. आपण त्यातला साधा धडा घ्यावा. गावातल्या कोणीही काही चूक केली नाही, कोणी लिंक दाबली नाही, तरी गावाच्या नावाने हजारो दाखले निघाले. कारण शासकीय प्रणालीत शिरण्याची किल्ली चुकीच्या हाती गेली आणि तीन महिने कोणाच्याही डोळ्यांवर ते आले नाही. त्यासाठी कृत्रिम बुद्धीचीही गरज नव्हती, एक लॉगिन पुरेसे होते. आता याच किल्लीसाठी ग्रामसेवकाला पंचायत समितीच्या भाषेत लिहिलेला, जावक क्रमांक आणि संदर्भ घातलेला बिनचूक ई-मेल आला, किंवा गटविकास अधिकाऱ्यांच्या आवाजात फोन आला, तर? दोन-तीन गावांचा भार वाहणाऱ्या ग्रामसेवकाने प्रत्येक वेळी खऱ्या-खोट्याचा निवाडा करायचा, यावर जी सुरक्षा उभी आहे तिला सुरक्षा म्हणता येत नाही.

बँकांचेही तसेच. पुण्याची कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या एटीएम यंत्रणेत शिरून चोरांनी दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. अठ्ठावीस देशांतून पैसे काढले गेले. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या तंत्रसेवा देणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर संगणक-हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सुमारे तीनशे लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे ऑनलाइन व्यवहार खबरदारी म्हणून तोडावे लागले. एका दूरच्या कंपनीचे दार उघडे राहिले आणि त्याचा फटका खेड्यातल्या ठेवीदाराला बसला. तो यात कोठे चुकला होता?

ढाल कोणाच्या हाती आहे?

येथे एक आक्षेप येईल आणि त्याचा विचार केला पाहिजे. कृत्रिम बुद्धी चोराच्या हाती आहे तशीच राखणदाराच्याही हाती आहे, मग घाबरायचे कशाला?

हे खरे आहे. भाड्याची खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या संस्थेने ‘म्यूलहंटर’ नावाची यंत्रणा बनवली. डिसेंबर २०२४ मध्ये तिची घोषणा झाली. महाराष्ट्राने मार्च २०२४ मध्ये नागपुरात ‘मार्व्हल’ ही पोलिसांसाठीची कृत्रिम बुद्धी कंपनी स्थापली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने तिची तपास-प्रणाली राज्यातल्या अकराशे पोलीस ठाण्यांत नेण्याचे जाहीर झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत. जुन्या प्रणालींतल्या फटी शोधून बुजवण्याच्या कामी ही यंत्रे माणसाहून जलद चालतात, हेही मान्य केले पाहिजे.

पण ढाल आणि तलवार यांची वाटणी सारखी झालेली नाही. तलवार जवळजवळ फुकट मिळते. ढालीला भांडवल, तज्ज्ञ आणि चोवीस तास पहारा लागतो. तो मोठ्या बँकेला परवडतो, तालुक्याच्या पतसंस्थेला परवडत नाही. शिवाय या यंत्रांची मालकी मूठभर परदेशी कंपन्यांकडे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अँथ्रोपिक या अमेरिकी कंपनीने स्वतःच जाहीर केले की, चीनच्या शासनाशी संबंधित असल्याचा तिला संशय असलेल्या एका गटाने तिच्याच यंत्राकरवी जगातल्या सुमारे तीस संस्थांवर हल्ले चढवले आणि त्या कामाचा ऐंशी ते नव्वद टक्के भाग यंत्रानेच उरकला. कंपनीने ते उघड केले, हे चांगलेच. परंतु अशी माहिती लोकांपुढे यावी की नाही, केव्हा यावी, हे खासगी कंपनीच्या मर्जीवर का असावे?

आणि तपासाचे काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७८व्या कलमानुसार या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. आपल्याकडच्या अनेक ग्रामीण ठाण्यांचे ठाणेदार सहायक निरीक्षक असतात. म्हणजे अकराशे ठाण्यांत यंत्र बसेल, पण तपासाचा अधिकार असलेला माणूस तेथे असेलच असे नाही. फसलेल्या शेतकऱ्याने एसटीने जिल्ह्याला जायचे, एक दिवसाची मजुरी बुडवायची आणि ‘उद्या या’ ऐकून परतायचे. पैसे मात्र तासाभरात चार खात्यांतून फिरून गेलेले असतात.

जोखीम ज्याच्या हाती कळ त्याच्यावर

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला काही संरक्षण दिले होते. तिसऱ्या कोणाच्या घुसखोरीमुळे पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पण ग्राहकाने ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. नव्या काळातली बहुतेक फसवणूक नेमकी माणसाकडूनच कळ दाबवून घेणारी आहे. म्हणजे जेथे संरक्षणाची सर्वांत अधिक गरज, तेथेच ते संपते. फेब्रुवारी २०२६ मध्ये रिझर्व्ह बँकेने लहान रकमांच्या फसवणुकीत पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देण्याची चौकट आणण्याचे जाहीर केले. तत्त्व म्हणून हे महत्त्वाचे आहे. आता ते पूर्णत्वाला नेले पाहिजे.

ब्रिटन हा काही समाजवादी देश नव्हे. तेथे ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून पाठवायला लावलेल्या पैशांची भरपाई, पंच्याऐंशी हजार पौंडांपर्यंत, ग्राहकाला देणे बंधनकारक झाले आहे. आणि तिचा भार पैसे पाठवणारी बँक व चोराचे खाते सांभाळणारी बँक यांनी निम्मा-निम्मा उचलायचा आहे. यामुळे लोक बेफिकीर होतील, अशी ओरड तेथेही झाली. पण कोणीही मुद्दाम लुटला जात नाही. उलट, खिशाला झळ लागली की बँका भाड्याची खाती शोधू लागतात.

व्यवस्था बदलली की काय होते, याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. यूपीआयवर ‘पैसे मिळतील’ असे सांगून पैसे मागण्याची विनंती पाठवायची आणि माणसाकडून पिन टाकून घ्यायचा, या युक्तीविरुद्ध वर्षानुवर्षे जाहिराती झाल्या. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोयच बंद करण्यात आली. हजार फलकांनी जे साधले नाही ते एका नियमाने साधले. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘डिजिटल अरेस्ट’च्या प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला, तेव्हा त्यानेही प्रश्न कोणाला विचारला? संशयित खाती हुडकायला कृत्रिम बुद्धी का वापरली जात नाही, असे रिझर्व्ह बँकेला विचारले. दिशा हीच आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. फसवणुकीचे नुकसान प्रथम बँकेने भरावे आणि ग्राहकाचा गंभीर निष्काळजीपणा असल्यास तो सिद्ध करण्याचा भार बँकेवर असावा. अनोळखी खात्यात पहिल्यांदाच मोठी रक्कम जात असेल, तर काही तासांचा थांबा सक्तीचा असावा. शासकीय योजनेसाठी तिऱ्हाइतापुढे ओटीपी वाचण्याची पद्धत बंद व्हावी; ज्याला फोन जमत नाही त्याच्यासाठी तलाठी-ग्रामसेवकाकडे कागदाची वाट कायम उघडी असावी आणि केवायसी राहिली म्हणून हप्ता थांबू नये. पतसंस्था व जिल्हा बँकांसाठी राज्याने सामायिक सुरक्षा केंद्र चालवावे. तपासाचा अधिकार असलेला अधिकारी प्रत्येक तालुक्यात असावा.

या मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांना हातावर हात ठेवून बसता येणार नाही. गावात कोणी फसले की पहिल्या तासात १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवून देणे, बँकेला लेखी कळवून त्याची पोच घेणे, ठाण्यात बरोबर जाणे, ही कामे आपली आहेत. घरोघरी एक खुणेचा शब्द ठरवून घ्या, म्हणजे मुलाच्या आवाजातला खोटा फोन ओळखता येईल. आणि सर्वांत आधी, फसलेल्याला हसणे थांबवा. लाजेने गप्प बसलेला माणूस तक्रार करत नाही, आणि तक्रार नसली की बँकेच्या व शासनाच्या कागदावर फसवणूकही घडलेली नसते. महागावच्या बाजारात दर आठवड्याला अर्धा तास या कामासाठी टेबल मांडले, तर तालुक्यात किती जण कसे लुटले गेले याची खरी नोंद वर्षभरात आपल्या हाती असेल. ती घेऊन बँकेच्या आणि तहसीलच्या दारात गेलो, की ‘सावध राहा’ हा उपदेश त्यांना ऐकवण्याचा अधिकार आपल्याला येईल.